त्वचेतल्या रक्ताची चाल

रक्तपुरवठ्याच्या बाबतीत त्वचेइतके लहरी अवयव शरीरात थोडेच असतील. सुखद हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सगळ्या त्वचेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त फिरते. अंग उन्हाने तापले की हाच आकडा सहा ते आठ लिटरपर्यंत चढतो आणि कडाक्याच्या थंडीत बोटांपुरता जवळजवळ शून्यावर येतो. बारीक चढउतारांना तर निमित्तही मोठे लागत नाही. दार आपटले, कुणी अचानक हाक मारली, शंभरातून तेरा तेरा वजा करत जायला सांगितले, एवढ्यानेही बोटाच्या टोकातल्या धमनिका आवळतात. ज्याचे माप घ्यायचे तो विषयच असा कानोसा घेत बसलेला असतो.

याला सुई लावली तर काय होते, ते लंडनच्या थॉमस लुइस यांनी 1927 साली मानवी त्वचेच्या रक्तवाहिन्यांवरील आपल्या ग्रंथात सविस्तर नोंदवले. बोथट टोकाने त्वचेवर जोरात रेघ ओढली की आधी रेघेपुरती लाली येते, मग तिच्या भोवती तांबूस झाक पसरते आणि शेवटी रेघेवरच फुगवटा उठतो. सुईच्या टोचणीलाही त्वचा अशीच उत्तरते. टोचलेल्या जागेचा रक्तप्रवाह वाढतो आणि तो पूर्ववत व्हायला तासभर, कधी त्याहून अधिक वेळ जातो. टोचणे सोडा, जरा जोराने दाबलेलेही इथे चालत नाही. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत धमनीकडच्या टोकाला पाऱ्याचे तीसेक मिलिमीटर दाब असतो, शिरेकडच्या टोकाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. उपकरण थोडे घट्ट बांधले की ज्याचे माप हवे तेच मिटून जाते. त्यामुळे ‘न टोचता’ ही रुग्णाला दिलेली सवलत आहे असे मानले तर त्वचेतले रक्त न टोचता मोजण्याच्या पद्धतींतली निम्मी खुमारी हातची जाते. माप खरे यायचे तर त्वचेला पत्ता लागता कामा नये, या एका अटीतून त्यांची सगळी कारागिरी उगवली आहे.

तिचा पहिला देखणा नमुना म्हणजे तेलाचा एक थेंब. मिशिगन विद्यापीठातले वॉरन लोंबार्ड यांनी 1912 साली दाखवले, की नखाच्या मुळाशी त्वचेवर थेंबभर तेल सोडून साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर जिवंत माणसाच्या केशवाहिन्या दिसतात. एरवी त्या दिसत नाहीत, कारण त्वचेचा वरचा शृंगी थर खडबडीत असतो आणि त्याच्या प्रत्येक कंगोऱ्यावर प्रकाश विखुरतो. तेल त्या फटी भरून काढते. तेलाचा आणि थराचा अपवर्तनांक जवळपास सारखा असल्याने प्रकाशाला आता ती सीमाच जाणवत नाही. लोंबार्ड यांनी निवडलेली जागाही दाद देण्याजोगी. बाकीच्या त्वचेत केशवाहिन्या पृष्ठभागाकडे उभ्या येतात आणि वरून नुसते ठिपके दिसतात. नखाच्या कडेला मात्र त्या आडव्या पडतात आणि सबंध वळसा, जाणारी बाजू आणि परतणारी बाजू, नजरेसमोर लांबच्या लांब पसरतो. थर सोलला नाही, रंग घातला नाही. एका थेंबाने काम भागवले.

या दृश्यात एक गंमत आहे, ती सहसा सुटते. आपण केशवाहिनी पाहतो असे म्हणतो खरे, पण तिची भिंत पारदर्शक असते आणि ती दिसत नाही. दिसतो तो तांबड्या पेशींचा स्तंभ. म्हणजे चित्र वाहिनीचे नसून तिच्यातल्या रहदारीचे असते, आणि मध्येच पेशींची रांग तुटली तर पांढरी फट सरकत जाताना दिसते. त्या फटीवर नजर ठेवली की वेग मोजता येतो. निरोगी बोटाला दर मिलिमीटरमागे असे सात किंवा अधिक वळसे नीट ओळीने बसलेले असतात. स्क्लेरोडर्मा या आजारात ही ओळ विस्कटते. काही वळसे अवाढव्य फुगतात, काही जागा ओस पडतात, मध्येच रक्तस्रावाचे डाग दिसतात. 2013 साली अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांनी मिळून या आजाराचे जे निकष ठरवले, त्यांत नखाच्या मुळाशी दिसणाऱ्या या बिघाडाला दोन गुण दिले आहेत. कातडी कडक होण्याच्या पुष्कळ आधी हा पुरावा बोटाच्या टोकाशी उघड्यावर पडलेला असतो.

पुढची पायरी पाहण्याकडून मोजण्याकडे जाते. सेंट लुइस विद्यापीठातले आल्रिक हर्ट्झमन यांनी 1937 साली बोटावर दिव्याचा उजेड टाकला आणि परत येणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटाने टिपला. परतणाऱ्या प्रकाशाचा बहुतेक भाग स्थिर असतो, कारण तो कातडी, मेद आणि शिरांतल्या रक्तातून आलेला असतो. या स्थिर पातळीवर शेकडा एक-दोन भागाची एक लहर डोलत असते. हृदयाच्या ठोक्यासरशी बोटात थोडे जास्त रक्त येते, थोडा जास्त प्रकाश शोषला जातो आणि लहर खाली झुकते. मनगटी घड्याळाच्या पाठीवर लुकलुकणारा हिरवा दिवा हा याच युक्तीचा आजचा अवतार. हिरवाच का? हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश अधाशीपणे शोषते, शिवाय तो फार खोल जात नाही. खालच्या स्नायूंच्या आणि कंडरांच्या हालचालींचा गोंधळ त्यामुळे कमी मिसळतो. जाणकाराने इथे एक फरक मात्र कधी विसरू नये. ही लहर किती रक्त मावले ते सांगते, किती वाहिले ते सांगत नाही. घड्याळवाले हा भेद खुशाल पुसतात.

या लहरीच्याच कुशीत जपानच्या ताकुओ आओयागी यांची गोष्ट आहे. निहॉन कोहडेन या कंपनीत ते रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयाचे कार्य मोजण्याच्या खटपटीत होते, आणि कानाच्या पाळीवरून मिळणाऱ्या आलेखात नाडीची लहर सारखी लुडबूड करत होती. ती घालवायला त्यांनी दोन तरंगलांबींचे प्रकाश वापरून एकाची लहर दुसऱ्यातून वजा होईल अशी जुळणी केली. जुळणी बसली, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की बिघडायची. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. आओयागी यांना त्या बिघाडातच माप दिसले: हलणारी लहर फक्त धमनीतल्या रक्ताची असते, तेव्हा दोन रंगांतल्या लहरींच्या गुणोत्तरावरून नेमक्या धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन कळेल. हे 1974 सालचे. 2020 आणि 2021 मध्ये मराठी घराघरांत देवघरापासून औषधांच्या डब्यापर्यंत कुठेतरी ऑक्सिजन मोजण्याचा जो चिमटा पडलेला असे, त्याचे मूळ एका नकोशा लहरीत आहे. त्या चिमट्यालाही मर्यादा आहे: गडद कातडीवर तो कधीकधी ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो, हे अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून 2020 साली ठळकपणे पुढे आले. मेलॅनिनचा हिशेब चुकता करणे अजून बाकी आहे.

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते यंत्र वेगळे. लेसर डॉप्लर. 1972 साली चार्ल्स रिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यातल्या वाहिन्यांत लेसरने रक्ताचा वेग मोजला. 1975 साली मायकेल स्टर्न यांनी ‘नेचर’मधल्या छोट्याशा निबंधात तीच कल्पना त्वचेच्या सूक्ष्म रक्ताभिसरणावर आणली. डोळ्यातली एकटी वाहिनी आणि त्वचेतले केशवाहिन्यांचे जंगल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि त्या अंतरातच या यंत्राचे सौंदर्य आहे.

अडचण किती मोठी ते आधी पाहू. हेलियम-निऑन लेसरचा तांबडा प्रकाश सेकंदाला सुमारे पावणेपाच कोटी कोटी वेळा कंप पावतो. केशवाहिनीतली तांबडी पेशी सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकते. तिच्यावर आपटून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता फार तर काही हजारांनी बदलते. दहा हजार कोटींमागे एक, असा हा फरक. तो थेट मोजायला जाणे वेडेपणाचे. मग हे यंत्र काय करते? तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारांत केसभर फरक राहिला तर स्वर डुलू लागतो. लावणारा एकेका तारेची कंपने मोजत बसत नाही, ते डुलणे ऐकतो. इथेही तसेच. पेशीवर आपटून किंचित बदललेला प्रकाश आणि स्थिर कातडीवरून आलेला न बदललेला प्रकाश एकाच संवेदकावर पडतात आणि त्यांच्या मिसळणीतून विस्पंद उमटतात. हे विस्पंद शेकड्यांच्या किंवा हजारांच्या घरात असतात, म्हणजे थेट आपल्या कानांच्या आवाक्यात. तो विद्युत्प्रवाह ध्वनिवर्धकाला जोडला तर त्वचेतले रक्त सळसळताना ऐकू येईल.

तुलनेसाठी लागणारा दुसरा सूर कुठून आणला, इकडे विशेष लक्ष द्यावे. बाहेरून वेगळा संदर्भकिरण आणायची गरजच पडत नाही. त्वचेत शिरलेले बहुतेक फोटॉन तांबड्या पेशीला न भेटताच परततात, कारण रक्ताचा वाटा ऊतीत अगदी थोडा असतो. हे न भेटलेले फोटॉन म्हणजे खरे तर फुकट गेलेला प्रकाश. तोच इथे आधारस्वर होतो. ज्या स्थिर कातडीने रक्त झाकले होते तिनेच त्याची चाल मोजण्याची पट्टी पुरवली.

तरीही एक गुंता उरतो. केशवाहिन्या हव्या त्या दिशेने वळतात आणि फोटॉन पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच अनेकदा दिशा बदलून बसलेला असतो. त्यामुळे एकच विस्पंद मिळत नाही, एक पसरट वर्णपट मिळतो. कुणाचा वेग किती हे सांगायची सोय उरत नाही. रॉबर्ट बॉनर आणि राल्फ नॉसल यांनी 1981 साली जे सिद्धांतन केले त्यातून वाट निघाली. या वर्णपटातल्या प्रत्येक वारंवारतेला तिच्या शक्तीने गुणून बेरीज घेतली, की जे येते ते हलणाऱ्या पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराशी प्रमाणात असते, निदान रक्ताचे प्रमाण कमी असेल तोवर. प्रत्येक पेशीचा पत्ता विसरायचा आणि सगळ्यांची मिळून लगबग मोजायची. गमावलेल्या माहितीकडे इतक्या शांतपणे पाठ फिरवून नेमके हवे ते हाती ठेवणारे गणित मला तरी क्वचित भेटले.

कारागिरीचा कळस मात्र स्वीडनमधल्या लिंकोपिंगला झाला, असे माझे मत. 1980 साली गर्ट निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जे यंत्र प्रसिद्ध केले, त्यात एक संवेदक न ठेवता दोन ठेवले. त्या काळच्या लेसरचा उजेड स्वतःच थरथरायचा आणि ही थरथर रक्ताच्या विस्पंदांत मिसळून माप फुगवायची. दोन संवेदक त्वचेवरून परतणारा प्रकाश शेजारी शेजारी टिपतात. लेसरची थरथर दोघांकडे एकाच वेळी, एकाच मापाने पोहोचते. एकातून दुसरे वजा केले की ती जाते. रक्तामुळे उमटणारी चंचलता मात्र प्रत्येकाकडे निराळी असते. तिची वजाबाकी होत नाही, ती उरते. गाळणी लावायला खोटे आणि खरे यांतला इतका साधा फरक हाती लागणे याला भाग्य म्हणावे, आणि तो ओळखणे याला नजर.

या यंत्राचा प्रामाणिकपणाही मला भावतो. ते मिलिलिटर सांगत नाही, कारण ते त्याला ठाऊकच नसते: प्रकाश मिलिमीटरभर किंवा कमी खोल जातो, आणि किती रक्त त्याच्या टप्प्यात आले हे कातडीगणिक बदलते. म्हणून ते स्वतःचे एकक वापरते, परफ्युजन युनिट. जुळवणीसाठी पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म मण्यांचे द्रावण वापरतात. ब्राउनीय गतीने हे मणी न थकता हलत राहतात, आणि त्यांची चंचलता तापमान ठरवले की ठरलेली असते. मापाला एक हलते पण कधी न बदलणारे प्रमाण हवे होते. ते पदार्थविज्ञानाच्या भांडारात तयारच होते. दुसरी प्रामाणिक खूण म्हणजे जैविक शून्य. दंडाला पट्टा आवळून रक्त पूर्ण थांबवले तरी आकडा शून्यावर येत नाही, थोडासा उरतोच. ऊतीत अडकलेल्या कणांची बारीक थरथर त्याला कारण असते. हा अवशेष वजा करावा की तसाच ठेवावा, यावर जाणकारांची मते विभागलेली आहेत. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे. किमान तो छापून तरी द्यावा.

लेसर डॉप्लरचा जो शोधक त्वचेवर टेकवतात त्याचा एकच दोष आहे: तो एकाच बिंदूवर ऐकतो, आणि शेजारच्या बिंदूची गोष्ट निराळी असू शकते. लिंकोपिंगकरांनीच 1993 साली आरशाने किरण फिरवून सबंध चित्र काढायची सोय केली. भाजलेल्या जखमेची खोली जोखण्यासाठी ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2011 साली अशा चित्रयंत्राची शिफारस केली. भाजल्यानंतर साधारण दोन ते पाच दिवसांच्या खिडकीत घेतलेले चित्र कुठली जागा आपोआप भरेल आणि कुठे कातडीरोपण लागेल हे चांगले सांगते. याच चुलत घराण्यातली स्पेकल पद्धत मला कल्पनेच्या पातळीवर अधिक सुंदर वाटते. लेसरचा उजेड भिंतीवर पडला की तो रवाळ, चमचमता दिसतो. होलोग्राम करणाऱ्यांना हा रवाळपणा म्हणजे डोकेदुखी. ए. एफ. फर्चर आणि जे. डी. ब्रायर्स यांनी 1981 साली त्या डोकेदुखीचे छायाचित्र घेतले: जिथे काही हलत नाही तिथले रवे तीक्ष्ण येतात, जिथे रक्त वाहते तिथले कॅमेऱ्याच्या उघडीपीच्या काळात पुसट होतात. पुसटपणा जितका जास्त, प्रवाह तितका जोरकस. आज हे सारे संगणकावर, सेकंदाला अनेक चित्रांच्या वेगाने घडते. मात्र त्यावर चढवलेले निळे-पिवळे-लाल रंग फार बोलके असतात आणि पाहणाऱ्याला विचार करू देत नाहीत. मला काळ्या रेघेचा आलेख बरा वाटतो.

तो आलेख कसा वाचायचा? पट्टा फुगला की रेघ जैविक शून्यावर आडवी पडते. तीन मिनिटांनी हवा सोडा: रेघ पहिल्या पातळीच्या कित्येक पट वर उसळते, मग हळूहळू खाली उतरते. उसळीची उंची सगळे पाहतात, उतरणीचा कल थोडे जण पाहतात, आणि चढण किती सेकंदांत झाली हे तर फारच थोडे. शोधक बोटाच्या टोकावर असताना माणसाला एकदा झटकन खोल श्वास घ्यायला सांगा. काही सेकंदांनी रेघ खोलवर बुडते आणि परत येते. अनुकंपी मज्जातंतूंनी सांगितलेला हा निरोप बोटाच्या टोकातल्या धमनी-शिरांच्या थेट जोडण्यांमुळे इतका ठसठशीत उमटतो; तोच प्रयोग कोपर ते मनगट या भागावर केला तर फिका पडतो. जागा निवडतानाच अर्धा निष्कर्ष ठरलेला असतो.

ऊब देऊन काढलेला आलेख तर दोन हातांनी लिहिलेला असतो. त्वचेची एक छोटी चकती 42 अंशांवर ठेवली की पहिल्या काही मिनिटांत रेघ झपाट्याने एका शिखरावर चढते, मग किंचित घसरते, आणि पुढच्या वीस-तीस मिनिटांत पुन्हा चढून एका पठारावर टेकते. 2001 साली मिन्सन, बेरी आणि जॉयनर यांनी हे दोन हात वेगळे करून दाखवले. बधिर करणारे मलम लावले की पहिले शिखर खचते. ते तंत्रिकांचे काम. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखली की पठार खचते; ते वाहिनीच्या अस्तराचे काम. यासाठी त्यांना त्वचेत बारीक नळ्या घालाव्या लागल्या, ही गोष्ट मजेची आहे. न टोचता वाचायचे म्हणजे आधी कुणीतरी टोचून अर्थ लावून ठेवलेला असतो.

शेवटी उरतात त्या स्वस्थ पडलेल्या माणसाच्या रेघेवरच्या लहरी, ज्यांना पूर्वी यंत्राचा किंवा रुग्णाचा अवगुण समजत. अनेता स्टेफानोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे पदर सोडवले. सेकंदाला एक, ही हृदयाची. तीन ते पाच सेकंदांची श्वासाची. दहा सेकंदांची वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूची. तीसेक सेकंदांची मज्जातंतूंची. आणि सर्वांत संथ, सुमारे शंभर सेकंदांची, वाहिनीच्या अस्तराची. सौम्य विजेने त्वचेत ढकललेले अॅसिटिलकोलिन हिला अस्तराला वगळून काम करणाऱ्या दुसऱ्या एका वाहिनी-रुंदावक औषधापेक्षा जास्त उचलते, म्हणून ती अस्तराची म्हणायची. हिला पकडायला माणसाला किमान वीस-तीस मिनिटे निश्चल पडू द्यावे लागते, खोलीचे तापमान राखावे लागते, कुणी बोलायचे नाही. घाईत असलेले संशोधक पाच मिनिटांची नोंद घेतात, तीत ही लहर जेमतेम तीन वेळा येते, आणि त्या तीन हेलकाव्यांवर ते अस्तराच्या आरोग्याचा दाखला देऊन मोकळे होतात.